ख्रिस्ती शिष्यत्वाची कसोटी : ‘स्मृतिचित्रे’च्या आधारे

मराठी बायबलात येशूच्या अनुयायांसाठी ‘शिष्य’ हा शब्द योजला गेला, तेव्हा त्या शब्दामागची परंपराही ख्रिस्ती विचारात आली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शिकणारा’ एवढाच आहे. परंतु निवृत्तिनाथ-ज्ञानदेव, विसोबा खेचर-नामदेव ही नाती ज्याच्या मनात रुजली आहेत, त्याच्या लेखी गुरूच्या ठायी ज्याचा अहंभाव मावळला तोच शिष्य होय. लोकव्यवहारात मात्र निराळाच अर्थ रूढ झाला. कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर यांनी कार्यास आरंभ केला. अशी मिशने महाराष्ट्रात अन्यत्रही होती. त्यांच्या शाळा व दवाखाने लोकांच्या डोळ्यांसमोर होते. त्यामुळे ख्रिस्ती होणे म्हणजे मिशनच्या आश्रयास जाणे, अशी समजूत झाली. शिष्यत्व आणि सभासदत्व यांतील भेद या समजुतीत लोपला.

तो भेद मराठी साहित्यात स्पष्ट केला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पण तुकोबांची वाट त्यांनी सोडली नाही. त्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. त्यांच्या पद्यात ख्रिस्त गुरू म्हणून येतो आणि माता म्हणूनही येतो. संतपरंपरेतील गुरुभावाला त्यांनी नवे आलंबन दिले, एवढेच म्हणणे मात्र अपुरे ठरेल. कारण शुभवर्तमानातील शिष्यत्वाची अट याहून कठोर आहे. मातापिता, पत्नी, मुले यांच्यापेक्षा गुरूला जो श्रेष्ठ मानीत नाही, जो आपला वधस्तंभ उचलीत नाही, तो शिष्य होऊ शकत नाही, असा लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायाचा आशय आहे.

टिळकांच्या गौरवपर चरित्रलेखनात बहुधा सुटणारा प्रश्न येथेच उभा राहतो. वधस्तंभ टिळकांनी उचलला खरा, परंतु त्याचा भार लक्ष्मीबाईंच्या खांद्यावर पडला. त्यांना निवड करावयास कोणी विचारलेच नव्हते. पतिवियोग, आप्तांचा आश्रय आणि लोकनिंदा त्यांच्या वाट्यास आली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हे सारे आले आहे, पण तक्रारीचा सूर क्वचितच आहे. स्वतःच्या हट्टांवर व सोवळ्यावर त्या हसतात. टिळकांच्या विसराळूपणावर आणि अतिरेकी औदार्यावरही हसतात. या विनोदामुळे टिळकांचे देवत्व गळून पडते आणि माणूस उरतो. हे पुस्तक पुष्कळ वर्षांनी, त्या स्वतः ख्रिस्ती झाल्यानंतर लिहिले गेले आहे. काळाने काही कटुता बोथट केली असेल, हे टीकाकाराने विसरू नये.

तथापि पुस्तकाचे खरे मर्म पुढे आहे. पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवले आणि टिळकांनी ते चालू दिले. जातिभेदाची निरर्थकता त्यांना स्वतःच्या विचाराने पटली, तेव्हाच त्यांनी सोवळे सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांची घाई १८९५ साली पत्नीसाठी थांबली नव्हती. नंतरचा त्यांचा धीर मात्र थांबला. दुसऱ्याच्या मनाला त्याच्या गतीने येऊ देणे, हे शिष्यत्व त्यागाहून अवघड आहे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही स्थान होते. सभासदत्वाची भिंत त्यांनी तेथे उघडपणे ओलांडली. परंतु तो धडा त्यांच्या घरात आधीच गिरवला गेला होता. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. जिच्यावर शिष्यत्वाचा भार न विचारता पडला, तिनेच अखेर तो आपल्या इच्छेने उचलला. ‘स्मृतिचित्रे’ हे म्हणूनच केवळ एका संसाराचे चित्र नव्हे. मराठीतील ‘शिष्य’ या शब्दावरील ते एक मार्मिक भाष्य होय.