दिशा हे व्यवच्छेदक लक्षण होऊ शकेल काय?

कार्लहाइन्त्स श्टोकहाउझेन ह्यांच्या ‘गेझांग डेअर युंग्लिंगे’ (‘कुमारांचे गीत’) ह्या कृतीचा पहिला प्रयोग ३० मे १९५६ रोजी कोलोन नभोवाणीच्या सभागृहात झाला. दानीएलाच्या ग्रंथाला जोडलेल्या स्तोत्रातील शब्द, एका मुलाचा मुद्रित आवाज आणि विद्युत्‌यंत्रांनी निर्मिलेले नाद ह्यांची ही गुंफण ध्वनिक्षेपकांच्या पाच समूहांतून ऐकविण्यात आली. पुढे पाचवी वाहिनी उरलेल्या चारांत मिसळली गेली.

श्टोकहाउझेन १९५४ ते १९५६ ह्या काळात बॉन येथे मायर-एप्लर ह्यांच्याकडे ध्वनिविज्ञान शिकले. शब्द पूर्ण कळण्यापासून मुळीच न कळण्यापर्यंत सुबोधतेच्या सात पायऱ्या त्यांनी येथे कल्पिल्या आहेत. स्वर सुरेल नादाजवळचे, ऊष्म व्यंजने गोंगाटाजवळची, ह्या जाणिवेवर कंठ आणि यंत्र ह्यांचा सांधा बेतलेला आहे. ‘स’ कोठे संपला व यंत्राची सळसळ कोठे सुरू झाली, हे सांगणे खरोखरच कठीण पडते. ह्या अंगाने कृती निःसंशय यशस्वी आहे.

दिशेविषयीचा दावा मात्र तपासून घ्यावा लागेल. नादाची दिशा हाही उंची वा दीर्घतेप्रमाणेच रचनेचा घटक होय, अशी रचनाकाराची भूमिका आहे. चिनी भाषेने स्वराच्या उंचीने अर्थ वेगळे केले, संस्कृताने दीर्घतेने. शब्द कोणत्या बाजूने आला ह्यावरून अर्थभेद करणारी बोलभाषा मात्र आढळत नाही. कारण उघड आहे : ऐकणाऱ्याने मान वळविली की दिशा बदलते, शब्द तोच राहावा लागतो. शिवाय दोन्ही कानांवर नाद पोहोचण्यातील अंतर फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढे असते, आणि समोरचा नाद पाठीमागच्यापासून ओळखण्यास तेही अपुरे पडते. अशा लक्षणाची चढती-उतरती श्रेणी श्रोत्याच्या मनात ठरेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

श्रवणात दिशेचे काम दुसरेच आहे. एकाच व्यक्तीचे दोन संदेश मिसळून ऐकविले तर ते विलग करणे दुष्कर होते; दोन कानांना वेगवेगळे दिले तर सहज साधते, हे कॉलिन चेरी ह्यांनी १९५३ मध्ये दाखविले. ‘गेझांग’मध्ये त्याच मुलाचे अनेक आवाज निरनिराळ्या बाजूंनी येतात आणि त्या गर्दीतून स्तवनाचा शब्द स्पष्ट उमटतो, तेथे कृती सर्वांत प्रभावी होते. रचनाकाराच्या सिद्धान्तापेक्षा त्याचा कान अधिक जाणता होता, असेच म्हणावे लागेल.

दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर नेमके हेच हरवते. आवाज एकमेकांवर चढून बसतात. वर्गात तशी मुद्रिका लावून विद्यार्थ्यांकडे सुबोधतेविषयी मत मागणे म्हणून अन्यायाचे ठरेल. चार ध्वनिक्षेपक हवेत, आणि श्रोत्याला मान वळविण्याची मोकळीकही.