‘भाऊबंदकी’: मॅकबेथच्या जगात रामशास्त्री

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) या नाटकाची ‘मॅकबेथ’शी तुलना नेहमी होते. राघोबा म्हणजे मॅकबेथ, आनंदीबाई म्हणजे लेडी मॅकबेथ, हे समीकरण आता सरावाचे झाले आहे. ते चूक नाही; पण त्यामुळे एक महत्त्वाचा फरक झाकला जातो.

मॅकबेथ डंकनला स्वतःच्या हाताने मारतो. सिंहासन मिळताच महत्त्वाकांक्षेची जागा भीती घेते. मग बँको मारला जातो, आणि शेवटी मॅकडफची निरपराध बायकामुले. या शेवटच्या हत्येतून त्याला काहीही मिळायचे नसते. क्रौर्य हीच त्याची सवय झालेली असते.

राघोबाच्या हाताला मात्र रक्त लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून केला तो गारद्यांनी. हुकूम ‘धरावे’ असा होता, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, असे परंपरा सांगते. या एका अक्षराने काकांना पळवाट मिळाली आणि सारा दोष बाईच्या माथी गेला. पण पुतण्याला धरणे म्हणजे तरी दुसरे काय? गादी बळकावण्याचीच ती पहिली पायरी होती. हे आपण सोयीने विसरतो.

खाडिलकर ही पळवाट बंद करतात, ती रामशास्त्र्यांकरवी. मॅकबेथचा निकाल तलवारीने लागतो. त्याला तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश त्या नाटकात नाही. इथे सत्ताधीशाच्या पदरी असलेला न्यायाधीशच त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगतो. त्यामुळे नाटकाचे केंद्र खुन्याच्या मनातून न्यायाच्या आसनाकडे सरकते. शोकांतिकेची धार त्यामुळे काहीशी बोथट होते, हे मान्य केले पाहिजे.

पण काळ पाहावा. जुलै १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली होती; त्यांचे सहकारी खाडिलकर पुढच्याच वर्षी हे नाटक देतात. सत्तेपुढे न झुकणारा न्यायाधीश पाहताना त्या प्रेक्षकाला कोणते न्यायालय आठवले असेल, हे वेगळे सांगायला नको.

भाऊबंदकी काही पुण्याचीच मिरास नव्हती. १७७५ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या घरात मुधोजींनी भावाला, साबाजींना, पाचगावच्या लढाईत गोळी घातली. तिथे अक्षर बदलावे लागले नाही आणि निवाडा सांगणारा रामशास्त्रीही मराठी रंगभूमीच्या स्मरणात राहिला नाही. महत्त्वाकांक्षी माणसे प्रत्येक काळाला मिळतात. खाडिलकरांचे नाटक विचारते ते एवढेच, की त्यांना दोषी म्हणणारा कोण आहे?

— दारव्हा