इहवादी बौद्ध विचार आणि कालामसुत्ताचे वाचन

पुनर्जन्म, परलोक आणि ऋद्धी वगळल्या तरी बुद्धाची शिकवण शिल्लक राहते, ही इहवादी बौद्ध विचाराची मूळ प्रतिज्ञा. तिच्या समर्थनार्थ अंगुत्तरनिकायातील कालामसुत्त हटकून पुढे केले जाते. परंपरा, ऐकीव वार्ता, धर्मग्रंथ, गुरूचा अधिकार यांच्या भरवशावर काहीही स्वीकारू नये, असा उपदेश त्यात असल्याने ते संशयवादाचा जाहीरनामा ठरते. संहिता मात्र इतकी सोयीची नाही. तिच्यातील दहा नकारांत निव्वळ तर्कही आहे. शिवाय एखादी गोष्ट आचरल्याने हित होते की अहित, हे स्वतः जाणण्याबरोबरच विज्ञजनांची मान्यताही तेथे विचारात घेतलेली आहे. नेमका हा दुसरा भाग आधुनिक उद्धरणांतून बहुधा गळतो. परलोकाविषयीची सुत्ताची भूमिकाही खंडनाची नाही: परलोक असो वा नसो, वैरमुक्त चित्ताच्या माणसाचे दोन्ही पक्षी नुकसान नाही, एवढेच ते सांगते. स्टीफन बॅचलर यांचा 'बुद्धिझम विदाउट बिलीफ्स' (१९९७) मधील अज्ञेयवाद या जागेच्या बराच जवळ जातो.

डॉ. आंबेडकरांची रीत वेगळी, आणि अधिक धाडसाची. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ते गृहत्याग, चार आर्यसत्ये, कर्म-पुनर्जन्म आणि भिक्षुसंघ यांविषयीचे प्रश्न उघडपणे मांडतात. बुद्धवचन ओळखण्यासाठी त्यांनी दिलेल्या कसोट्यांपैकी पहिली बुद्धिप्रामाण्याची: जे तर्कसंगत, ते बुद्धाचे मानता येईल. ही कसोटी वर्तुळाकार आहे. जे सिद्ध करायचे तेच ती गृहीत धरते, आणि कालामसुत्ताचा तर्काविषयीचा नकार तिच्या आड येतो. मानवी कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध शिरले नाहीत, ही त्यांची दुसरी कसोटी मात्र सुत्तातील हिताहितविवेकाशी थेट जुळते. आंबेडकरांचे वाचन बळकट होते ते येथे. त्यांच्या अभ्यासकांनी पहिल्या कसोटीवरच भर द्यावा, हे काहीसे नवलाचे आहे.

हिताचीच कसोटी ध्यानालाही लागते. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणावमुक्तीचा उपक्रम सुरू केला. सुमारे ३,५०० व्यक्तींवरील ४७ चाचण्यांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने अल्प ते मध्यम सुधारणा होते, परंतु व्यायाम, औषधे यांसारख्या उपचारांहून ते सरस असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. संशयवादी वाचकाने तो निमूटपणे मान्य करावा. मात्र येथे मोजले गेले ते साधकाचे स्वास्थ्य. कालामसुत्तात लोभ, द्वेष आणि मोह अहितकर ठरतात ते त्यांच्या आहारी गेलेला माणूस हत्या करतो, चोरी करतो, खोटे बोलतो आणि इतरांनाही त्यास प्रवृत्त करतो म्हणून. तेथील 'हित' या पदात दुसरा माणूस आधीच आलेला आहे. चिंतेच्या प्रश्नावलीत त्याच्यासाठी रकाना नसतो.