इंग्रजी नामांची गणनीयता : एका प्रचलित व्याख्येची चिकित्सा

इंग्रजी व्याकरणाच्या मराठी मार्गदर्शिकांत 'जे मोजता येते ते गणनीय नाम' अशी व्याख्या सर्रास आढळते. ती नामाची नसून वस्तूची आहे, हा तिचा मूलभूत दोष होय. खुर्च्या मोजता येतात. तथापि 'फर्निचर' इंग्रजीत अगणनीयच. मराठीत तांदूळ 'धुतले' जातात, डाळ मात्र 'धुतली' जाते. दाणे तर दोहोंचेही मोजता येतात. 'राइस' पुन्हा एकवचनी. अर्थात, गणनीयता ही त्या त्या भाषेची रूढी होय. कीथ अ‍ॅलन यांनी १९८० मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकात ती एकट्या नामाची नसून संपूर्ण नामपदबंधाची असते, असे प्रतिपादन केले. 'कॉफी' अगणनीय खरी, परंतु उपाहारगृहात 'टू कॉफीज' सहज मागवता येतात.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' या दोहोंना 'थोडे' हा एकच प्रतिशब्द देऊन या मार्गदर्शिका मोकळ्या होतात, हे अधिक आक्षेपार्ह आहे. वस्तुतः 'थोडी पुस्तके आहेत' आणि 'थोडीच पुस्तके आहेत' यांतील भेद मराठी विद्यार्थ्यास शिकवावा लागत नाही. इंग्रजीत उपपदाच्या अभावाने जे साधते, ते येथे 'च' साधतो. 'लिटल'चेही तसेच. असा सेतू हाताशी असता विद्यार्थ्याच्या माथी पाठांतराच्या याद्या मारल्या जातात, आणि तो 'इन्फर्मेशन्स' लिहून गुण गमावतो. 'माहिती'चे अनेकवचन मात्र त्याने मराठीत कधीच केलेले नसते.