‘लिंकन’ चित्रपट आणि १८६५ ची मतनोंद

स्टीव्हन स्पीलबर्ग ह्यांचा ‘लिंकन’ हा चित्रपट २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें परीक्षण ह्या पृष्ठांत यावें ह्याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ह्या चित्रपटाचा नायक जितका अब्राहम लिंकन आहे तितकाच एक कागदही आहे. आणि ज्यांस जुन्या कागदांचें वेड आहे त्यांनीं तो डोळ्यांत तेल घालून पाहणें अवश्य आहे.

तो कागद म्हणजे गुलामगिरी कायमची बंद करणारी अमेरिकेच्या राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती. (जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केलें, तेव्हां हा विषय महाराष्ट्रास अगदींच परका नाहीं.) सेनेटनें ती ८ एप्रिल १८६४ रोजीं मान्य केली, पण १५ जून रोजीं प्रतिनिधिगृहांत ९३ विरुद्ध ६५ अशीं मतें पडून दोनतृतीयांशाअभावीं ती अडली. पुढें ३१ जानेवारी १८६५ रोजीं ती ११९ विरुद्ध ५६ मतांनीं मंजूर झाली; आठ सभासदांनीं मत दिलें नाहीं. अनुकूलांपैकीं तिघे जरी दुसऱ्या बाजूस गेले असते तरी ती पुन्हा पडली असती.

लिंकनचें जन्मापासूनचें चरित्र सांगण्याचा मोह पटकथाकार टोनी कुश्नर ह्यांनीं टाळला, हें त्यांचें मोठें शहाणपण होय. डोरिस कर्न्स गुडविन ह्यांच्या २००५ मधील ग्रंथाचा कांहीं आधार घेऊनही कथेचा बहुतेक भाग जानेवारी १८६५ ह्या एकाच महिन्यांत बसविला आहे. लढाई क्षणभर दिसते. बाकी सारा व्यवहार बंद दालनांतला, कुजबुजीचा आणि नोकऱ्यांच्या आमिषांचा. महापुरुषास शेंदूर फासून देव्हाऱ्यांत न बसवितां त्याला मतांची मोजदाद करतांना दाखविलें, ह्यांतच चित्रपटाची मोहिनी आहे. डॅनियल डे-लुइस ह्यांनीं लिंकनला दिलेला बारीक आवाज समकालीनांच्या वर्णनांशीं जुळतो. फ्रेडरिक डग्लससारखा पुरुष कथेंत कोठेंच येत नाहीं, ही मात्र मोठी उणीव होय.

एक प्रसंग तर आमच्या वाचकांस विशेष रुचेल. तहाचे वकील येत असल्याची आवई ऐन मतदानाच्या दिवशीं उठते. तेव्हां लिंकन दोन ओळींची चिठी लिहून देतो, कीं आपल्या माहितीप्रमाणें शहरांत असे वकील नाहींत व येण्याचा संभवही नाहीं. चिठी खरी आहे, आणि तिचा शब्दन्‌शब्दही खरा. कारण वकील वॉशिंग्टनला नव्हे तर हॅम्प्टन रोड्सकडे निघाले होते. तेथें ३ फेब्रुवारीस लिंकननें त्यांची भेट घेतली. मराठी मुत्सद्द्यांचीं पत्रें चाळणाऱ्यांस ही लेखनशैली ओळखीची वाटेल.

आतां दोषाकडे वळूं. मतगणनेच्या प्रसंगीं कनेक्टिकट राज्याचे दोन प्रतिनिधी दुरुस्तीविरुद्ध मत देतांना दाखविले आहेत. वास्तविक त्या राज्याच्या चारही प्रतिनिधींनीं अनुकूल मत दिलें होतें. शिवाय नांवें पुकारलीं गेलीं तीं आडनांवांच्या वर्णानुक्रमानें. चित्रपटांत तीं राज्यवार पुकारलीं आहेत. २०१३ सालीं कनेक्टिकटचे प्रतिनिधी जो कोर्टनी ह्यांनीं ही चूक उघड केली. कुश्नर ह्यांनीं बदल मान्य केला, व निकाल किती अटीतटीचा होता हें प्रेक्षकांस कळावें म्हणून तो केला असें सांगितलें; खऱ्या माणसांच्या माथीं खोटें कृत्य येऊं नये म्हणून नांवें कल्पित घातलीं, असेंही ते म्हणाले.

हें समर्थन आम्हांस पटत नाहीं. राज्याचें नांव खरें ठेवून माणसांचीं नांवें बदललीं, तर चौघांपैकीं दोघांवर संशय उरतोच. त्याहून नवल असें, कीं शेवटीं जाहीर होणारी बेरीज मात्र मूळचीच आहे: ११९, ५६ आणि आठ. बेरीज अस्सल आणि रकमा बनावट असा जमाखर्च एखाद्या दफ्तरांत आढळला तर आम्ही त्यास काय म्हणूं? येथें तर सरळ ‘ध’चा ‘मा’ केला आहे. आणि रंगत वाढावी म्हणून केलें म्हणावें, तर तीही वाढली नाहीं. कारण कनेक्टिकटच्या चौघांत जेम्स इंग्लिश हे विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे असून त्यांनीं स्वपक्षाच्या बहुमताविरुद्ध अनुकूल मत दिलें. हातांत आलेला असा प्रसंग टाकून पटकथाकारानें पदरचा घातला!

आणि हेंच मंडळ घड्याळाच्या आवाजासाठीं केवढें दक्ष! चित्रपटांत ऐकूं येणारी टिकटिक केंटकी ऐतिहासिक संस्थेच्या संग्रहांतील लिंकनच्या खऱ्या घड्याळाची आहे. घड्याळासाठीं जो संग्रह उघडला गेला, त्याच्या शतांश श्रमांत ‘काँग्रेशनल ग्लोब’मधील छापील मतयादी पाहतां आली असती. ह्या चित्रपटाच्या तबकड्या शाळांस देण्याची योजना २०१३ सालींच जाहीर झाली होती; त्यामुळें ही चूक क्षुल्लक म्हणून सोडतां येत नाहीं.

तरीही चित्रपट पाहावा. फक्त मतदानानंतरच्या प्रसंगीं संग्राहकांनीं मन घट्ट करावें: थॅडियस स्टीव्हन्स विधेयकाची अस्सल प्रत घडी घालून घरीं नेतो, आणि घरकारभार पाहणाऱ्या लिडिया हॅमिल्टन स्मिथ हिच्या हातीं देतो! ही कविकल्पना आहे. दुरुस्तीच्या ठरावाचा अस्सल कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सुरक्षित आहे. त्यावर १ फेब्रुवारी १८६५ रोजीं लिंकननें सही केली; कायद्यानें तिची गरज नव्हती, आणि ७ तारखेस सेनेटनें तसा ठरावही केला. सही कागदावर आहे ती आहेच.