‘ख्रिस्तुस विवित’ : मराठवाड्यातून एक वाचन

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०१९ रोजी, देवदूताच्या संदेशाच्या सणादिवशी, लोरेतो येथील पवित्र घरात ज्या बोधपत्रावर स्वाक्षरी केली, त्याचे नाव आपल्या धर्मग्रामांत आता अपरिचित राहिलेले नाही. युवक शिबिराच्या फलकावर ते असते, निमंत्रणपत्रिकेवर असते, प्रवचनातही अधूनमधून येते. पुस्तिका मात्र बहुधा फादरांच्या कपाटातच असते. आमच्याही कपाटात ती पुष्कळ दिवस होती, हे आरंभीच कबूल केलेले बरे. गेल्या वर्षी धर्मग्रामातील काही तरुण-तरुणींबरोबर ती पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचण्याचा योग आला, आणि जिची आम्ही व्यासपीठावरून अनेकदा भलावण केली होती ती पुस्तिका आपण वाचलेलीच नव्हती, असे ध्यानात आले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रोम येथे तरुण, श्रद्धा आणि पाचारण या विषयावर बिशपांची जी सिनड भरली तिचे हे फलित. नऊ प्रकरणे, २९९ परिच्छेद. एवढा विस्तार तरुण वाचकास झेपेल काय, ही शंका प्रथमदर्शनीच येते. आणि ती सर्वस्वी निराधार नाही. पोप महोदय काही ठिकाणी थेट तरुणाशी बोलतात, तर काही ठिकाणी तरुणांविषयी साऱ्या ख्रिस्तसभेशी. हा दुहेरी सूर त्यांनी आरंभीच सांगून स्वीकारला आहे. चौथ्या प्रकरणात तो तरुणाकडे वळतो तेव्हा लेखणीला निराळीच ऊब येते. देवाचे तुझ्यावर प्रेम आहे, ख्रिस्त तुझा तारणारा आहे आणि तो आज जिवंत आहे, एवढाच त्या प्रकरणाचा आशय. परंतु एखाद्या वडीलधाऱ्याने खांद्यावर हात ठेवून बोलावे तसा तो येतो. सातव्या प्रकरणात, युवकसेवेच्या विवेचनात, सिनडच्या अंतिम अहवालाचे ओझे जाणवते. तेथे वाक्यांना सभावृत्ताचा वास येतो.

मराठीत अर्थ सांगताना आम्हापुढे एक गंमतीदार पेच उभा राहिला. इंग्रजी ‘यू’ला मराठीत ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? आम्ही सवयीने ‘तुम्ही’ म्हणू लागलो. एका मुलीने थांबवले. “फादर, देवाला आपण ‘तू’ म्हणतो, आईलाही म्हणतो. मग इथे ‘तुम्ही’ म्हटले की सभेत बसल्यासारखे वाटते.” तेव्हापासून चौथे प्रकरण आम्ही ‘तू’ म्हणून वाचले. सातवे वाचताना मात्र त्याच मुलीने ‘तुम्ही’च ठेवा असे सुचविले. आमच्या मते त्या ग्रंथावरचा हा सर्वांत नेमका अभिप्राय होय.

दुसऱ्या प्रकरणातील तरुण संतांची मालिका आम्हास विशेष अभ्यसनीय वाटते. सेबास्तियनपासून किआरा बदानोपर्यंत बारा नावे तेथे आहेत. त्यांतील पिएर जॉर्जो फ्रास्साती यांना पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद दिले, त्यामुळे ते नाव आता घरोघरी पोचले. आमचे लक्ष वेधले ते दोन अल्पपरिचित नावांनी. व्हिएतनामचा आंद्रे फू येन हा कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षक होता. १६४४ साली ऐन विशीच्या उंबरठ्यावर तो रक्तसाक्षी झाला. कांगोचा इसिदोर बाकांजा हा प्रापंचिक कामगार. आपल्या सोबत्यांना येशूविषयी सांगतो म्हणून त्याचा छळ झाला. दोघेही धर्मगुरू नव्हते. दोघांनाही कोणी युवक मंडळाचे पदाधिकारी नेमले नव्हते.

या मालिकेत भारतातील एकही नाव नाही, ही उणीव आम्हास खटकते. वसईचे गोन्सालो गार्सिया आठवावेत. किशोरवयातच ते जेझुइट फादरांबरोबर जपानात गेले, तेथील भाषा शिकले, कॅटेकिस्ट म्हणून त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबले. परंतु त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. निराश होऊन ते व्यापारात शिरले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले, आणि जपानात जाणाऱ्या फ्रान्सिस्कनांना दुभाष्याची निकड भासली तेव्हा हेच वसईकर पुढे झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर देण्यात आले. मृत्यूसमयी ते चाळिशीच्या आसपास होते, म्हणून तरुण संतांच्या यादीत ते बसले नसतील. पण त्यांची सारी उमेदवारी तारुण्यातली. आपण त्यांच्या हौतात्म्याचा सण करतो; उमेदवारीच्या त्या वर्षांविषयी प्रवचन ऐकल्याचे आम्हास स्मरत नाही. एका होतकरू तरुणाचे ज्ञान वापरले गेले, पण त्याला जागा मिळाली नाही, असा तो अध्याय आहे. आमच्या पुष्कळ युवकांना तो आपलाच वाटेल.

आपल्या मराठवाड्याचा इतिहास तरी निराळा कोठे आहे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे फादर घोगरगावच्या परिसरात कार्य करू लागले. त्यांच्या कष्टांविषयी आपण कृतज्ञतेने बोलतो आणि ते योग्यच आहे. परंतु फादर गावात कधीमधी येत; गावात कायम असे ते मास्तर. हे मास्तर बहुधा तरुण, नुकतेच लग्न झालेले. दिवसा मुलांना अक्षरे गिरवायला लावायची, संध्याकाळी घंटा वाजवून प्रार्थना घ्यायची, कोणी अत्यवस्थ असेल तर फादरांकडे निरोप धाडायचा, आणि मधल्या वेळात गावकऱ्यांचे अर्ज लिहून द्यायचे, आलेली पत्रे वाचून दाखवायची. महार-मांग वाड्यांतून श्रद्धा रुजली ती या विशी-पंचविशीतल्या माणसांच्या पायपिटीतून. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला तो त्यांनी घातलेल्या पायावर.

त्या मास्तरांची नातवंडे आज छत्रपती संभाजीनगरात आहेत. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत ती पाळ्यांवर जातात, किंवा विद्यापीठाच्या परिसरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. बाप्तिस्म्याची नोंद गावच्या धर्मग्रामात, वास्तव्य शहराच्या, आणि हजेरी कोठेच नाही. आम्ही त्यांना काय काम देतो? नाताळचा गोठा सजवणे, सणाच्या मिरवणुकीत पताका धरणे, जेवणावळीत वाढणे. ही कामे हलकी नव्हेत. पण मिशनकार्य तरुणांनी उद्यावर टाकू नये, दुबळ्यातला दुबळा तरुणही आपल्या परीने प्रेषित होऊ शकतो, असे जे या बोधपत्रात स्पष्टपणे मांडले आहे, ते आपण वगळले आणि शिबिरे तेवढी उचलली. आमच्या धर्मग्रामातही हेच झाले.

आता ग्रंथाच्या उणिवेविषयी. बेरोजगारीविषयी त्यात कळवळ्याने लिहिले आहे. स्थलांतरितांविषयीही लिहिले आहे, परंतु दृष्टीपुढे आहेत ते मुख्यतः देशांच्या सीमा ओलांडणारे. वैजापूरकडून वाळूजला येणारा त्यात सहज सापडत नाही. धर्म, वंश आणि दारिद्र्य यांपायी बाजूला पडलेल्या तरुणांचाही उल्लेख आहे. जातीचा उच्चार मात्र नाही. आणि आमच्या धर्मप्रांतातील तरुणाच्या ख्रिस्तसभेशी असलेल्या नात्याची अवघड गाठ नेमकी तेथेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लाभला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. एकाच आळीतल्या दोन भावांसारख्या कुटुंबांपैकी बौद्ध कुटुंबातील मुलाला जी शिष्यवृत्ती मिळते, ती ख्रिस्ती कुटुंबातील मुलाला ख्रिस्ती म्हणून मागता येत नाही. मग कित्येकांची एक नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत, दुसरी दाखल्यावर.

असा तरुण मिस्साला मागे उभा राहतो. वाचन कर म्हटले तर मान हलवतो. युवक मंडळाच्या यादीत नाव नको, छायाचित्र तर नकोच, असे सांगतो. आम्ही वर्षानुवर्षे याला अनास्था म्हणत आलो, प्रवचनातून टोचलेही. आपल्याच श्रद्धेचा उघड उच्चार केला तर लहान बहिणीचे शिक्षण थांबेल, हे ज्याने मनाशी हिशेब करून ठेवले आहे त्याला अनास्थ म्हणण्याचा आमचा अधिकार कोणता? खोट्या नोंदीचे समर्थन आम्ही करीत नाही. न्यायालयांनीही अशा प्रकरणांत कठोर भूमिका घेतली आहे. पण ज्या अन्यायामुळे ती नोंद करावीशी वाटते त्याविषयी गप्प राहून केवळ नोंदीवर बोट ठेवणे आम्हास पटत नाही. तरुणांनी धैर्याने साक्ष द्यावी असे पोप महोदय सांगतात. त्या धैर्याची किंमत कोणी भरायची, याचे विवेचन या ग्रंथात हवे होते. रोममध्ये ते सुचले नसेल तर ते येथे लिहिले गेले पाहिजे, आणि ते लिहिण्याचे काम आमच्यासारख्या धर्मगुरूपेक्षा त्या तरुणांचे अधिक आहे.

आमचे वाचन रविवारी मिस्सानंतर सुरू झाले होते. रात्रपाळी करून येणारे डुलक्या घेऊ लागले, तेव्हा बुधवारची संध्याकाळ ठरली. तीही पाळी बदलली की बदलते. हजेरीची वही ठेवलेली नाही. सहावे प्रकरण मुळांविषयी आहे, तरुणांनी वडीलधाऱ्यांच्या आठवणींशी नाते जोडावे असा त्याचा भाव. ते वाचून झाल्यावर ठरले की गावाकडच्या एका जुन्या मास्तरांच्या पत्नीला बोलवावे आणि त्यांच्याकडून त्या दिवसांविषयी ऐकावे. बाईंना आणायला कोणी जायचे, त्या रात्री कोणाच्या खोलीवर उतरतील, हे सारे तरुणांनी आपसांत ठरवले आहे. आम्हास फक्त वेळ कळविण्यात आली.