ज्याच्या हाती छापखाना, त्याचे गाणे टिकले

मराठीतले संगीतलेखन बाजाराच्या बळावर क्वचितच उभे राहिले. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत लिहिले, तेही टोपणनावाने. प्रकाशक म्हणून भालचंद्र सीताराम सुकथनकर हे त्यांचे स्नेहीच पुढे आले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वतःच्या स्वरलिपीतली पुस्तके स्वतःच छापून घेतली. घराण्यांनी जपून ठेवलेल्या बंदिशी सामान्य विद्यार्थ्याच्या हाती पडल्या, त्या अशा खटाटोपातून.

अहिल्यानगर जिल्ह्याकडे पाहिले की छापील अक्षराचे मोल अधिकच कळते. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनकडे छपाईची सोय होती. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथूनच निघाले. म्हणून ख्रिस्ती कवी कृष्णराव सांगळे आणि नारायण वामन टिळक यांची भजने कवीच्या नावासह संग्रहांत राहिली आणि चर्चमध्ये आजही गायली जातात. याच जिल्ह्यातल्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी. त्यांचे कवन आधी तोंडोतोंडी चालले, छापील संग्रहांत आले ते फार उशिरा. त्याच संगमनेरात राहून कांताबाई सातारकरांनी तमाशाचा फड गाजवला. २०२१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्याबद्दल गौरवपर मजकूर पुष्कळ आहे. पण त्यांची लावणी कशी उभी राहत होती, ढोलकीशी तिचे नाते काय होते, हे सांगणारे लेखन फारच थोडे.

आज छापखाना प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि त्याचा उत्तम उपयोग करणारेही आहेत. मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर गेली अनेक वर्षे रागांवर इंग्रजीत लिहितात आणि मुद्द्याशेजारीच ध्वनिमुद्रण ठेवतात. त्यामुळे वाचकाला विधान तिथल्या तिथे पारखता येते. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे गाण्यासोबत द्यायची शिस्त मराठीत रुजवली.

एरवीचे चित्र निराशाजनक आहे. गावोगावच्या जत्रेतले तमाशे यूट्यूबवर चढतात, पण ढोलकीवाला कोण, झीलकरी कोण, लावणी कोणाची, हे खाली लिहिलेले नसते. लेखनात ‘अविस्मरणीय’, ‘स्वर्गीय’ अशी विशेषणेच फार. लय, चाल, गळा यांवर बोलायला कोणी धजत नाही. स्वतः प्रकाशित करणाऱ्याला संपादक नसतो, तेव्हा दुसऱ्या जाणकाराकडून मजकूर तपासून घेणे ही त्याचीच जबाबदारी. शिवाय एकट्याचे संकेतस्थळ त्याच्याबरोबरच बंद पडू शकते. म्हणून निवडक लेखांचे पुस्तक करावे आणि ते ग्रंथालयांत पोचवावे.

नगर, संगमनेर, जामखेडच्या तरुण लेखकांना माझे सांगणे एवढेच: प्रकाशकाची वाट पाहू नका. फडावर जा, वयस्क कलावंतांना बोलते करा, त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करा आणि प्रत्येक गाण्याखाली नाव, गाव, साल लिहा. जे ऐकले त्याबद्दल स्पष्ट मत द्या. मिशनच्या भजनांना जे छापील आयुष्य लाभले, ते फडावरच्या लावणीलाही मिळायला हवे, आणि आता ते देणे आपल्याच हाती आहे.